वज्रबाहूच्या पाठीतला बाण

काही माणसांना भिंतीवरची तसबीर केसभर तिरकी दिसली तरी जेवण जात नाही. गुरुदत्त पानसे त्यांतलाच. फरक इतकाच, की तो दुसऱ्याच्या घरातली तसबीरही सरळ करायला उठतो, ती पडते, काच फुटते, आणि मग खिळाच कच्चा होता हे सिद्ध करण्यासाठी तो यजमानांकडे हातोडी मागतो. महाळुंग्याला ब्रेकचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तो क्वालिटीचा प्रमुख आहे. म्हणजे ज्या खोडीला घरचे कंटाळले आहेत, तिच्यावरच त्याचं पोट भरतं. अशा माणसाने रविवारी गप्प पडून राहावं की नाही? पण नाही. याने रविवारी खेळ काढला.

खेळ समजायला अवघड नाही. एक जण सूत्रधार होतो आणि गोष्ट सांगतो. बाकीचे गोष्टीतले वीर होतात. 'मी दार फोडतो', 'मी झाडावर चढते' असं आपल्या वीराच्या वतीने सांगायचं आणि वीस पैलूंचा फासा टाकायचा. मोठा आकडा आला की जमलं, लहान आला की फसलं. चाळिशीची शहाणीसुरती माणसं मोशीच्या सोसायटीत, क्लब हाउसमधल्या टेबलाभोवती बसून 'खवीस आला, खवीस आला' म्हणून ओरडतात, हे पाहून वॉचमनने पहिल्या रविवारी दोनदा आत डोकावून पाहिलं होतं.

सूत्रधार अर्थातच गुरुदत्त. गडाखालची भुयारं, त्यांतले खवीस, त्यांचे सरदार, सगळं त्याच्या डोक्यातून निघालेलं. त्याची बायको पद्मजा शाळेत गणित शिकवते. खेळात ती तिरंदाज होती. नेहा मांत्रिक होती आणि तळहातातून आगीचे गोळे फेकायची. आणि नेहाचा नवरा नागसेन हा ढालकरी वज्रबाहू. लढाई सुरू झाली की नागसेन एवढंच म्हणायचा, "मी पुढं उभा राहतो." गेली दोन वर्षं खविसांचे सगळे घाव वज्रबाहूने खाल्ले आणि बाकीच्यांनी त्याच्या मागे उभं राहून पराक्रम केले.

नागसेन त्याच कंपनीत प्रेस शॉप, म्हणजे पत्रे दाबून भाग काढणारा विभाग, सांभाळतो. आता क्वालिटी आणि प्रॉडक्शन म्हणजे एका चुलीवरच्या दोन जावा. आठवडाभर गुरुदत्त नागसेनच्या मालाला लाल टॅग लावून अडवायचा, नागसेन "राव, गाडी भरून उभीये, सोड की!" म्हणून शॉप डोक्यावर घ्यायचा. पण रविवारी दापोडीहून मोटारसायकलवर नवरा-बायको आले, की दोघे मित्र एका बाजूला आणि खवीस दुसऱ्या बाजूला. बारा वर्षांची ही दोस्ती अशी रविवारच्या आधारावर टिकून होती, म्हणा ना. नागसेनने प्रेस शॉपच्या भंगारातली पट्टी घासून बोटभर उंचीचा वज्रबाहूसुद्धा केला होता. टेबलावर तो सगळ्यांच्या पुढे उभा असायचा.

सगळं सुरळीत चाललं होतं. आणि तिथेच घोटाळा झाला, कारण सुरळीत चाललेल्या गोष्टीकडे बघत बसणं गुरुदत्तला जमत नाही आणि सोपानरावांना तर मुळीच नाही.

सोपानराव हे वरच्या मजल्यावरचे शेजारी. देहूरोडच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त. रविवारी क्लब हाउसमध्ये पेपर वाचायला यायचे आणि पेपरावरून डोळे काढून खेळ ऐकायचे. त्या दिवशी अरुंद भुयारात वज्रबाहू खविसाशी झोंबत होता आणि मागून पद्मजाने बाण मारला. फासा चांगला पडला. खवीस कोसळला. टाळ्या झाल्या.

"एक विचारू का?" सोपानराव म्हणाले.

ज्या प्रश्नाआधी माणूस परवानगी मागतो, तो प्रश्न चांगला नसतो हे गुरुदत्तला कळायला हवं होतं. पण तो म्हणाला, "विचारा ना काका."

"भुयार केवढं रुंद?"

"एक माणूस जाईल एवढं."

"पुढे खवीस, मध्ये हे साहेब, मागे आपल्या वहिनी. मग बाण गेला कुठून?"

गुरुदत्तने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही, आपलं सहज विचारलं," सोपानराव पेपराची घडी मोडत म्हणाले. "आमची सगळी नोकरी दारूगोळ्यात गेली. त्यामुळे बघवत नाही. चालू द्या तुमचं पोरांचं."

पोरांचं! मालाच्या एका ओरखड्यावरून आख्खी गाडी परत पाठवणारा माणूस, आणि त्याला शेजारी म्हणतो, पोरांचं चालू द्या. गुरुदत्तच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या आठवडाभर उतरल्या नाहीत. जेवताना तो पोळीचा तुकडा बाणासारखा धरून वरणाच्या वाटीवर नेम धरायचा. कंपनीच्या बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाच्या खांद्यावरून ड्रायव्हर दिसतो का, हे मान वाकडी करून बघायचा. पुढच्या माणसाने शेवटी जागा बदलली.

"अहो, तो खेळ आहे," पद्मजा म्हणाली. (ती त्याला सहसा 'अहो' म्हणते. 'अरे' वर आली की समजावं, प्रकरण चिघळलं.) "खवीस तरी कुठे खरा असतो?"

"खवीस खोटा चालेल. भूमिती खोटी चालणार नाही. तू गणिताची बाई आहेस, तुला तरी कळायला हवं."

"मला कळतंय. नागसेनभावजींना आवडणार नाही, हेही कळतंय. त्यांना आधी विचारा तरी."

"नियमाला आवडनिवड नसते," असं म्हणून गुरुदत्त सोपानरावांकडे सल्ल्याला गेला. विकतचं दुखणं लोक आणतात. याने जिने चढून आणलं.

सोपानरावांनी त्याला चहा पाजला आणि ज्ञान पाजलं. चुकलेला बाण हवेत विरघळत नाही, तो कुणाला तरी लागतो. जवळच्याला आधी लागतो. आणि आगीचा गोळा? बंद जागेत टाकलेली आग पुढे जागा मिळाली नाही की मागे येते. "आमच्याकडे असा हलगर्जीपणा केला असता, तर देहूरोड जागेवर राहिलं नसतं," ते म्हणाले. गुरुदत्त मान डोलावत होता. असा कदरदान श्रोता सोपानरावांना निवृत्तीनंतर प्रथमच मिळाला होता, त्यामुळे त्यांनी उतरणीचा, वाऱ्याचा आणि घामाने ओल्या झालेल्या बोटांचाही मुद्दा सांगितला.

पुढच्या रविवारी गुरुदत्तने नवा नियम जाहीर केला. बाण चुकला की सूत्रधाराने दुसरा फासा टाकायचा. तो वाईट पडला तर बाण मध्ये उभ्या असलेल्या आपल्याच माणसाला. मधला माणूस म्हणजे कोण, हे वेगळं सांगायला नको. नागसेन एवढंच म्हणाला, "बरं. मी पुढं उभा राहतो."

समोर तीन खवीस होते. पद्मजाने फासा टाकला, चुकला. दुसरा गुरुदत्तने टाकला, तो त्याहून वाईट. बाण वज्रबाहूच्या पाठीत.

"वहिनी?" नागसेन म्हणाला.

"मी काय करू हो भावजी! फासाच तसा पडला."

"मी सोडवते ह्यांना," नेहा म्हणाली आणि तिने उत्साहाने आगीचा गोळा फेकला. गोळा खविसांच्या अलीकडे फुटला, सोपानरावांच्या शास्त्राप्रमाणे मागे आला, आणि वज्रबाहूची लाकडी ढाल, पद्मजाची वेणी आणि खुद्द नेहाच्या दोन्ही बाह्या पेटल्या. पद्मजाने घाईघाईने दुसरा बाण मारला. तो वज्रबाहूच्या मांडीत. नेहाने विझवण्यासाठी मंत्र म्हटला तर धुराने कुणाला काही दिसेना, आणि धुरात मारलेला पद्मजाचा तिसरा बाण वज्रबाहूच्या मानेत बसला. खवीस बिचारे हात बांधून उभे होते. त्यांच्यासाठी कामच उरलं नव्हतं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ती अशी.

"वज्रबाहू... मेला," गुरुदत्त म्हणाला. म्हणताना तो खुर्चीत जरा खाली सरकला, पण सोपानरावांनी पेपराआडून "आता कसं!" म्हटलं आणि तो पुन्हा ताठ झाला.

नागसेनने ती बोटभर पुतळी हातात घेतली. मग म्हणाला, "ट्रायल झाली का?"

"कसली?"

"नियमाची. आपल्याकडं साच्यातला एक स्क्रू बदलला तरी ट्रायल घेतल्याबिगर तू पहिला पीस पास करत नाहीस. मागच्याच महिन्यात माझी लाइन तू त्याच्यासाठी बंद ठेवलीस. आणि इथं सरळ माणूस मारतोस?"

जो दोर त्याने बारा वर्षं दुसऱ्यांच्या गळ्यात टाकला, तोच आज त्याच्या गळ्याला लागला होता.

"ट्रायल होईपर्यंत वज्रबाहू होल्डवर," नागसेन म्हणाला. खिशातून त्याने कंपनीचा लाल टॅग काढला आणि पुतळीच्या गळ्यात बांधला. पास नाही, रिजेक्ट नाही. नेहाला वाटलं, आता हसायचं असतं, ती हसली. पण नागसेन हसत नव्हता, म्हणून तीही थांबली.

झालं! शहाण्या माणसाने तिथेच 'चुकलो बाबा' म्हटलं असतं आणि गोष्ट संपली असती. पण गुरुदत्तला ट्रायल या शब्दानेच अंगात वारं शिरल्यासारखं झालं. खरं धनुष्य, खरा बाण, खरा मधला माणूस, आणि समोर खविसाच्या जागी उभी केलेली गादी. जागा, सोसायटीची गच्ची. गच्चीसाठी परवानगी लागते आणि परवानगी शालनबाई देतात.

शालनबाई सोसायटीच्या सचिव. त्यांच्यापुढे बिल्डरसुद्धा उभा राहून बोलायचा. त्यांनी गुरुदत्तचा अर्ज वाचला आणि चष्म्यावरून पाहिलं.

"कार्यक्रम कुठल्या प्रकारात घालू? धार्मिक, सांस्कृतिक, क्रीडा की वैयक्तिक?"

"वैयक्तिक."

"वैयक्तिकसाठी गच्ची मिळत नाही. त्यात वाढदिवस येतात. मागे केक कबुतरांनी खाल्ला आणि भांडण माझ्यापर्यंत आलं."

"मग क्रीडा घाला."

"क्रीडेला डॉक्टर हजर लागतो."

"धार्मिक?"

"धनुष्यबाण आहे म्हणजे धार्मिक म्हणता येईल, पण मग प्रसाद करावा लागेल, आणि प्रसादाला कोणाला बोलवायचं यावर गेल्या वर्षीचं अजून मिटलेलं नाही. सांस्कृतिक घालते. फक्त सांस्कृतिक कार्यक्रम सर्व सभासदांना खुला असतो. आणि हे बघा, टाकीच्या बाजूला माझ्या कुरडया वाळत आहेत. तिकडे फिरकायचं नाही."

त्या संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर सूचना झळकली: 'रविवारी सकाळी गच्चीवर धनुर्विद्येचा सांस्कृतिक कार्यक्रम. खुर्च्या आपापल्या आणाव्यात.' लगेच सल्ल्यांचा पाऊस पडला. कुणी म्हणालं धनुष्य वेताचं हवं, कुणी म्हणालं बांबूचंच. एकाने विचारलं, निवेदन कोण करणार. तळमजल्यावरच्या एका आजोबांनी नांदी म्हणायची तयारी दाखवली आणि त्यांना नको कसं म्हणायचं यात गुरुदत्तचे दोन दिवस गेले. सोपानरावांनी मांडववाल्याच्या बांबूचं धनुष्य करवून आणलं. बाणांच्या टोकांना पद्मजाने भांडी घासायचे स्पंज दोऱ्याने बांधले. "अरे, अजून थांब," ती म्हणाली. 'अरे' आलं होतं. गुरुदत्तने ऐकलं नाही.

रविवारी गच्ची भरली. खुर्च्या, चटया, कडेवरची बाळं, चहाचे थर्मास. आजोबांनी नांदी म्हटलीच. नागसेन कंपनीचं हेल्मेट, गॉगल, सेफ्टी शूज घालून आणि हातात कॅरमबोर्ड ढालीसारखा धरून गादीपुढे उभा राहिला. बाण मारायला गुरुदत्त सरसावला, तसा नागसेन म्हणाला, "तू नाही. वहिनी. ऑपरेटर बदलला तर ट्रायल बाद." हेही गुरुदत्तचंच वाक्य होतं.

पद्मजाने आयुष्यात धनुष्य हाती धरलं नव्हतं. पहिला बाण तिच्याच पायाशी पडला. दुसरा आजोबांच्या थर्मासला लागला. तिसरा टाकीवर आपटला. त्यानंतरचे एकामागून एक, कोणी दोरी ओढून धरल्यासारखे, टाकीच्या बाजूला जात राहिले आणि शालनबाईंच्या कुरडयांचा कडकड चुरा होत राहिला. प्रत्येक बाणागणिक शालनबाई खुर्चीतून अर्ध्या उठत आणि 'सांस्कृतिक' या शब्दाखातर पुन्हा बसत. नागसेनला मात्र एकही बाण लागला नाही. त्याच्या जवळपासही फिरकला नाही.

"नियम फेल," नागसेन म्हणाला. तो आता हसत होता. त्याने हेल्मेट काढलं, गॉगल काढून घाम पुसला. "चल राव, टॅग काढ. जिवंत आहे मी."

गच्चीने टाळ्या वाजवल्या. नेहाने तर शिट्टी मारली. काय बिघडलं असतं? कुरडयांचं पुढे पाहता आलं असतं. पण सोपानराव मागून म्हणाले, "धरायची पद्धतच चुकली हो. कोपर वर पाहिजे." आणि गुरुदत्तच्या हाताला ती जुनी खाज सुटली.

"थांबा, थांबा. ट्रायल सेटिंगमुळे फेल गेलीय. हे असं," असं म्हणत त्याने पद्मजाच्या हातून धनुष्य घेतलं, जमिनीवरचा एक बाण उचलला, कोपर वर केलं आणि दोरी सोडली.

तो बाण टाकीवरून आपटून आलेला होता आणि त्याचा स्पंज कधीच गळून पडला होता. महाळुंग्याच्या कंपनीत गुरुदत्तच्या नजरेखालून गेल्याशिवाय एक वॉशर बाहेर पडत नाही. इथे त्याने बाणाकडे पाहिलंसुद्धा नाही.

टॉक्कन आवाज आला. नागसेन दोन पावलं मागे गेला आणि गादीसकट खाली बसला. डाव्या भुवईच्या वर, बघता बघता, लिंबाएवढं टेंगूळ आलं. मागच्या रांगांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग. त्यांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या.

"सिद्ध झालं!" सोपानराव म्हणाले.

नेहाने नागसेनच्या कपाळाला कुणीतरी घरून आणलेला बर्फ लावला, तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तिने गुरुदत्तकडे पाहिलं नाही. कोपऱ्यावरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तपासून काळजीचं कारण नाही म्हणून सांगितलं. दोघं मोटारसायकलवर बसून गेली, नेहा चालवत होती. शालनबाईंनी संध्याकाळ व्हायच्या आत गच्ची आणि क्लब हाउस दोन्ही ठिकाणी गुरुदत्तला बंदी केली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण बंदीचं त्याला काही वाटलं नाही. नियम खरा ठरला होता, आणि तो खरा ठरवणारा बाण त्याने घरी नेऊन कपाटामागे टाकला.

पुढचा आठवडा भयंकर गेला. नागसेन भांडला असता तर बरं झालं असतं. गुरुदत्तने त्याचा माल अडवला, नागसेन म्हणाला, "ठीक आहे सर." सर! गुरुदत्तने घाबरून दुसरा लॉट मुद्दाम अडवला, निदान आता तरी ओरडेल. "ठीक आहे सर." कँटीनमध्ये नागसेन दुसऱ्या टेबलावर. शॉपमधली पोरं कुजबुजू लागली, की साहेबांचं काय बिनसलं. गुरुदत्तला खुर्चीत बसवेना, उभं राहवेना. रविवारी सकाळी तो उगाच गाडीत जाऊन बसला आणि पार्किंगमध्येच इंजिन बंद करून परत वर आला.

जिन्यात सोपानराव भेटले. "काय, पुढची ट्रायल कधी? तोफेचं काही करायचं का?"

"काका," गुरुदत्तने विचारलं, "तुम्ही कारखान्यात नेमके कुठे होता हो?"

"रजा विभागात. आख्ख्या कारखान्याच्या रजा माझ्या हातून जायच्या."

"आणि दारूगोळा?"

"छे, छे! त्या बाजूला आम्हाला जाऊ देतात होय? एकदा लांबून धूर पाहिला होता. तो बहुतेक कँटीनचा होता."

गुरुदत्त जिन्याच्या पायरीवर बसला. उंटावरच्या शहाण्याचे किस्से त्याने लहानपणापासून ऐकले होते. आपण त्याला खालून उंट पुरवला, हे त्याला आज कळलं. पण राग त्याला सोपानरावांचा आला नाही. विचारलं होतं त्यांनी. बाण याने सोडला होता.

शेवटी एका संध्याकाळी तो दापोडीला गेला. दार नागसेनच्या आईने, सरूबाईंनी उघडलं.

"ये, नेमबाज," त्या म्हणाल्या. "आता काय राह्यलंय? उजवी भुवई?"

"चुकलो मावशी."

"चुकलास त न्हाई. बरूबर लागला की!" त्यांनी पाणी दिलं. "टेंगळाचं म्या काय म्हनत न्हाई. लहानपनी ह्यानं अशी लई आणली. पर त्यो तुमचा वज्रबाहू गेला म्हनं? पोरगं दोन दिस नीट जेवलं न्हाई. त्ये कुनी केलं?"

गुरुदत्त मान खाली घालून बसला. आतून नागसेन आला. टेंगूळ आता जांभळं झालं होतं.

"ठीक आहे सर," तो सवयीने म्हणाला.

"सर म्हणालास तर मी इथंच रडेन, नागसेन," गुरुदत्त म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरून ते सगळ्यांनाच खरं वाटलं. "सोपानरावांनी सगळ्यांसमोर विचारलं आणि मला उत्तर आलं नाही. एवढंच कारण. बाकी भूमिती-बिमिती काही नाही. माझी लाज झाकायला मी तुझा माणूस मारला. माफ कर."

नागसेन खाली बसला.

"टेंगळाचा राग नाही रे," तो म्हणाला. "आठवडाभर तू माझा माल अडवतोस, ते तुझं काम. वरून साहेब, खालून युनियन, बाजूनं स्टोअरवाला. दिवसभर मान फिरवून बघत राहायचं, कोण कुठून घालतोय. रविवारी मी पुढं का उभा राहायचो माहितीय? तिथं मागं बघावं लागायचं नाही. मागं तुम्ही होता. खवीस परवडले, राव. तू नियम आणलास आणि मला मागं बघायला लावलंस. विचारलं पण नाहीस."

गुरुदत्त नेमकं जे बोलायचं नाही तेच बोलला. "मी त्याला जिवंत करतो. म्हणजे, नियमात तसं बसत नाही, पण..."

"खेळ तुझा, नियम तुझा, मग अडलंय कुटं?" सरूबाईंनी विचारलं.

"नको आई," नागसेन म्हणाला. "मेला तो. आता उठवला तर दोन वर्षं खाल्लेले घाव पण खोटे. राहू दे त्याला."

"मग तू सूत्रधार हो," गुरुदत्त म्हणाला. हे तोंडातून कसं निघालं ते त्यालाही कळलं नाही. गोष्टीची खुर्ची त्याने आजवर कुणाला दिली नव्हती. पद्मजाने एकदा मागितली तेव्हा त्याने तिला, आधी तुझी नियमांची परीक्षा घेतो म्हणून सांगितलं होतं. "गोष्ट तू सांग. ढाल मी घेतो. मी पुढे उभा राहतो."

नागसेनने टेंगळावरून बोट फिरवलं. "तुझा नियम ठेवणार मी," तो म्हणाला.

"ठेव."

"वहिनीच तिरंदाज."

गुरुदत्तने पेल्यातलं उरलेलं पाणी पिऊन टाकलं. "ठेव."

पुढच्या रविवारी खेळ दापोडीत, सरूबाईंच्या पुढच्या खोलीत बसला. खाली सतरंजी, मध्ये फासा. गुरुदत्तच्या ढालकऱ्याचं नाव सरूबाईंनी ठेवलं, कोंडाजी. नागसेन गोष्ट सांगायला लागला आणि गुरुदत्तला मनातल्या मनात कबूल करावं लागलं, की बरी सांगतो. दरीवर एक लाकडी साकव होता, एका माणसापुरता. पलीकडे खविसांचा सरदार.

"मी पुढे उभा राहतो," गुरुदत्त म्हणाला.

"उभा आहेस. सरदार परशू उगारतोय. मागं धनुष्याची दोरी ताणल्याचा आवाज येतो. वळून बघतोस?"

गुरुदत्तने सतरंजीवर बोटाने रेघ ओढली. "पद्मजा, तू नेमकी कुठे उभी आहेस? म्हणजे कोन साधारण..."

"दादा!" नेहा म्हणाली.

"नाही," गुरुदत्त म्हणाला. त्याने दोन्ही हात मांडीखाली दाबले. "नाही बघत."

पद्मजाने फासा टाकला. चुकला. तिने डोळेच मिटून घेतले. आता दुसरा फासा, आणि तो सूत्रधाराने टाकायचा. नागसेनने टाकला. फासा सतरंजीवरून घरंगळत त्याच्याच गुडघ्याशी जाऊन थांबला आणि त्याने वरून पंजा ठेवला. अंगठा किंचित उचलून एकट्याने पाहिलं. चेहऱ्यावर काही नाही. बारा वर्षं ऑडिटवाल्यांना तोंड देणाऱ्या माणसाचा चेहरा तो.

"कानावरून गेला," नागसेन म्हणाला. "वाचलास."

गुरुदत्तची मान आपोआप पुढे झाली. बोटांच्या फटीतून एक पैलू दिसत होता, पण आकडा दिसत नव्हता. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या सरूबाईंना तिथून फासा दिसत असावा, कारण त्यांनी पदर तोंडाला लावला होता आणि त्यांचे खांदे हलत होते. तेही गुरुदत्तने पाहिलं. 'जरा बघू' हे दोन शब्द त्याच्या जिभेच्या टोकावर येऊन बसले.

नागसेनने पंजा हलवला नाही. तो गुरुदत्तकडे बघत होता.

"बरं," गुरुदत्त म्हणाला. "मग मी पुढे सरकतो."